स्वच्छतेच्या रकान्यात माझी सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी अमरावतीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिप्लोमा झालेली, इंजिनिअर झालेली पोरंपोरी माझ्यापुढे रांगेत उभी राहायची आणि टोपी कशी घालायची ते मी त्यांना शिकवायचो. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या. बढाई मारावी असं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि तेही मी माझ्या हातानं घालवलं. कसं घालवलं ते मीच सांगतो. दुसरा कोणी सांगेल तो आपल्या सोयीनं सांगेल.

तो कारखाना चिपांचा. मोबाइलमध्ये, मोटारीत असते ती नखाएवढी चिप. तिच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक रेघा असतात. घरात उन्हाची तिरीप आली की त्यात कण नाचताना दिसतात ना, तसला एक कण त्या रेघांवर बसला म्हणजे गावच्या रस्त्यावर चिंचेचं झाड आडवं पडल्यासारखं. वाहतूक बंद. चिप फेकायची. म्हणून ज्या खोलीत हे काम चालतं तिथली हवाही गाळून सोडतात. खोलीतला खरा कचरा म्हणजे माणूस. तो नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगातून कातडी झडते, केस झडतात, कपड्यातून तंतू सुटतात. त्याला टाळूपासून तळव्यापर्यंत झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. ते झाकणं शिकवायचं माझं काम.

मी ते पुण्याकडे शिकलो. तिथे असल्याच खोलीत अठरा वर्षं फरशी पुसली. गावी परत आलो तेव्हा वावर लेकाच्या हाती गेलेलं होतं आणि बांधावर उभं राहून सांगितलेलं कोणी ऐकत नव्हतं. इकडे हा कारखाना निघाला, तर जाऊन फाटकापाशी उभा राहिलो. आतला साहेब हसला. "बाबाजी, तुम्ही काय करणार?" मी म्हणालो, "एक सूट आणा, अन् तुमीबी एक घ्या." दोघांनी घालायला घेतला. माझा चढला, एक धागा जमिनीला लागला नाही. साहेब बाही शोधत होता. दुसऱ्या दिवसापासून नोकरी.

नवीन तुकडी आली की पहिला दिवस सगळा वास घेण्यात जायचा. अत्तर, पावडर, डोक्याचं तेल, तंबाखू, सगळं मी नाकानं पकडायचो.

"काहून बे, खर्रा खाल्ला?"

"नाई काकाजी, इलायची होती."

"इलायचीले चुना कधीपासून लागते? जाय, चूळ भर, अन् अर्धा घंटा बाहेर बस. तुह्या श्वासातून अजून सुपारी उडून राहिली."

एक पोरगी रोज पावडर लावून यायची. परत पाठवली की रडकुंडीला यायची. "काकाजी, पाहुणे याचे हाय पाहाले, कायी दिसीन ना."

"आतमधी सारे सारखेच दिसतात बाई. फक्त डोये दिसतात. ज्याले डोये पसंत पडले त्याच्याशीच कर."

रांगेत हशा व्हायचा. मला ते आवडायचं. मी कडक होतो, पण पोरं मला मानायची. मास्तर म्हणायची, काकाजी म्हणायची. घरी मला त्या वेळी कोणी काही म्हणत नव्हतं.

हे ज्या हिवाळ्यात घडलं, त्या तुकडीत चांदूर बाजाराकडच्या एका खेड्यातली पोरगी होती. आयटीआय झालेली, अंगानं बारीक, उंचीनं माझ्या खांद्याएवढी. पहिल्याच दिवशी मी एकदा करून दाखवलं आणि तिनं जसंच्या तसं केलं. डोक्याची जाळी, मग कानटोपीसारखा हूड, मग सूट, मग बूट, शेवटी हातमोजे. सूट घालताना त्याची घडी हवेतच उलगडावी लागते. चांगल्या चांगल्यांचा पाय अडकतो. तिचा अडकला नाही. बावीस जणांत अशी एक. मी तिला मनातून पुढे काढून ठेवलं होतं. साहेबाला म्हटलंसुद्धा, "माह्या मागं हे पोरगी शिकवू शकते."

एकच अडचण होती. सर्वांत लहान मापाचे सूट आले नव्हते. तिचा हूड मागून सुटून कॉलरच्या वर यायचा. बाकीच्यांना मी कधी हात लावत नसे; आपलं आपण आरशात पाहून करा, असा माझा नियम. पण तिचा हूड मी रोज मागून कॉलरीत खोचून द्यायचो. ती अडू नये म्हणून.

शिकाऊपणाच्या शेवटी तीन दिवस परीक्षा असते. सूट घातल्यावर खांदा, बाही आणि कॉलर या तीन जागी चिकटपट्टी दाबायची, काढायची आणि भिंगाखाली पाहायची. तीनही दिवस पट्टी साफ निघाली तर नोकरी पक्की. निघाली नाही तर घरी.

पहिल्या दिवशी तिच्या कॉलरच्या पट्टीवर पांढरे तंतू निघाले. दुसऱ्या दिवशीही. मी भिंगात पाहिलं. वऱ्हाडातल्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. पीळ घेतलेला, चपटा तंतू. कापूस.

मी तिला बाजूला घेतलं. "घरी कापूस भरला काय?"

"आमच्या घरी कापूस कुठून येईन काकाजी? वावरच नाई आमाले."

"माय वेचाले जाते ना?"

"जाते. पण मी आठ दिवसांची तिच्यापाशी बसत नाई. न्हाणीघरात कपडे बदलते, मंग बाहेरच्या बाहेर निंगते. डबा ती खिडकीतून देते."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या दिवसांत कापूस नसलेलं घर मला ठाऊकच नव्हतं. माझ्याच घरात पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. भाव चढेल म्हणून लेकानं ठेवलेला. माझी खाट त्याला टेकून होती, आणि उतरवलेले कपडे मी त्याच ढिगावर फेकायचो. पण मी तर रोज आंघोळ करून, नियम पाळून, अठरा वर्षांच्या अनुभवानं येत होतो. माझा आणि त्या पट्टीचा संबंध माझ्या डोक्यात शिरायला दारच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा तशीच निघाली. सारे उभे होते. ती खाली पाहत म्हणाली, "काकाजी, एक सांगू? रागावसान त नाई?"

"बोल."

"तुमी हात धुतल्यावर दुपट्ट्याले पुसता. मंग मोजे घालता. मंग माह्या हूडाले हात लावता."

तिथे हात वाळवायला गरम हवेचं यंत्र होतं. त्याखाली हात धरून उभं राहायचं. खरं सांगतो, त्या यंत्राखाली उभा राहिलेला मी मला आठवतो. पोरांना ते कसं वापरायचं तेही मीच शिकवायचो. पण जन्मभर खांद्यावर दुपट्टा वागवलेल्या माणसाचे ओले हात कुठे जातात, ते त्याला दिसत नाही. दुपट्टा बाहेरच्या खुंटीला ठेवायचा, हाही माझाच नियम. मी तो ठेवायचो, पण हात धुऊन झाल्यावर.

मागून एक पोरगा फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "मास्तरच नापास रे."

ते हसणं मला लागलं. तिचं बोलणं ऐकूच आलं नाही, ते हसणं आलं.

"तुह्या जन्माच्या आधीपासून मी हे काम करून राहिलो," मी म्हणालो, "अन् तू मले हात धुवाले शिकवते? आपली घाण दुसऱ्यावर टाकते?"

तिनं हूड काढला, घडी केली, टोपलीत ठेवला. घडीसुद्धा नियमाप्रमाणे.

संध्याकाळी साहेबानं संगणकावर फॉर्म उघडला. फॉर्म इंग्रजीत. नोकरी न देण्याचं कारण कोणत्या तरी रकान्यात टाकावं लागतं, ते रकाने त्यानं मला वाचून दाखवले. उशिरा येणे. काम न जमणे. वैयक्तिक स्वच्छता नसणे.

"यातलं कोणतं, बाबाजी?"

काम न जमणे म्हणणं शक्य नव्हतं. इतकं कोणालाच जमलं नव्हतं, आणि तिला शिकवणारा मी होतो. "शेवटचं," मी म्हणालो.

"लिहू ना?"

"लिहा."

छापील कागदावर मी मराठीत सही केली. माझी सही चांगली आहे. लोक तारीफ करतात.

चौथ्या दिवशी फाटकावरून निरोप आला की कोणी तरी मास्तरला भेटायला आलं आहे. बाहेर एक माझ्याच वयाचा माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. हातात तो कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. म्हणाला, "तुमीच काय मास्तर? मी तिचा बाप."

"या, बसा."

"बसाले नाई आलो. हे शाळेतल्या मॅडमनं आमाले वाचून दाखवलं. माह्या पोरीत कोणती घाण होती, थे पुसाले आलो."

"घाण म्हणजे तसं नाई भाऊ. कापसाचे तंतू निंघाले कॉलरवर."

"मंग तंतू लिहाचं होतं. तंतू लिहिलं अस्तं त आमी काई म्हणलं नस्तं." त्यानं ती पिशवी माझ्यापुढे धरली. "आमाले घाण म्हणणारे लय झाले. माह्या बापाले म्हणत, आज्याले म्हणत. पण कागदावर लिहून, खाली सही करून देणारे तुमीच भेटले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो काय म्हणतो आहे. मला राग आला. मी जातपात करणारा माणूस नाही, असं मी स्वतःला मानत होतो. "मी तसलं काई मानत नाई," मी म्हणालो, "तुमी उगीच तिकडं नेऊन राहिले."

"तुमी नसान मानत," तो म्हणाला. "गावात कागद वाचणारे मानतात. बसमधी तिच्या मैत्रिणी पुसतात, काहून वं, आंघोळ नाई करत काय?"

मी आत निघून गेलो. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण तसं झालं.

पंधरा दिवसांनी नवी तुकडी बसली. त्यात शेंदूरजनाघाटची एक बाई होती. तीही बुटकी, तिचाही हूड सुटायचा. मी खोचून दिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरावाला पट्टी दाबून पाहिली, तर कॉलरवर पांढरे तंतू. तिचा नवरा संत्र्याच्या व्यापारात. त्यांच्याकडे कापूस पिकत नाही, त्या भागात संत्राच.

सुटी झाल्यावर थांबलो, रोजच्यासारखे हात धुतले, आणि या वेळी हात कुठे जातात ते पाहत राहिलो. ते गेले. सरळ खांद्याकडे गेले, विहिरीवरच्या बैलाला वाट सांगावी लागत नाही तसे. मग मोजे घातले आणि बोटांवर चिकटपट्टी दाबली. भिंग लावायची गरज पडली नाही. पाचही बोटांचं बोंड फुटलेलं होतं.

माणसानं त्याच क्षणी जाऊन सांगायला पाहिजे. मी चार दिवस सांगितलं नाही. पहिल्या दिवशी दुपट्टा घरी ठेवला आणि वाटलं, झालं, आता कोणाचं नुकसान होणार नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, त्या पोरीला दुसरीकडे काही मिळालंच असेल. तिसऱ्या दिवशी त्या बाईची परीक्षेची तिसरी पट्टीही साफ निघाली, तिला पेढे वाटताना पाहिलं, पेढा घेतला, आणि तो तसाच खिशात ठेवला. चौथ्या दिवशी मी साहेबापुढे उभा राहिलो.

"त्या पोरीचं थे तुमी खोडून टाका. घाण माह्या हाताची होती."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं, वर फोन केला. मग म्हणाला, "बाबाजी, एकदा सिस्टीममध्ये गेलेलं खोडता येत नाही. तुम्ही लिहून द्या, आम्ही खाली जोडू."

"अन् तिले परत बोलवा."

"तिची जागा भरली. पुढची भरती निघेल तेव्हा अर्ज करू दे तिला."

मी लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला अर्धं पान लिहायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं की या मुलीच्या कॉलरवर निघालेले तंतू माझ्या दुपट्ट्याचे होते, तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, तिच्या स्वच्छतेत काही कमी नव्हती, आणि वर जे लिहिलं आहे ते मी खोटं लिहवून घेतलं. "खोटं" या शब्दाला साहेब म्हणाला, "चुकीचं लिहा." मी खोटंच ठेवलं.

आठवड्यानं शिकवायचं काम माझ्याकडून गेलं. आता भिंतीवर पडदा आहे, त्यात एक बाई इंग्रजीत सूट घालून दाखवते. मला बाहेरचा रस्ता झाडायला सांगितलं. झाडण्याची मला लाज नाही, अठरा वर्षं तेच केलं. पण जी पोरं मला मास्तर म्हणायची ती आता फाटकातून जाताना मोबाइलमध्ये पाहायची. तिसऱ्या दिवशी झाडू भिंतीला टेकवला आणि घरी आलो. चूक माझी होती, शिक्षा बरोबर होती. तरी माझ्यासारखा सूट त्या पडद्यातल्या बाईलाही घालता येत नाही, हे मी आजही म्हणतो. तिची बाही जमिनीला लागते. कोणी पाहत नाही.

जोडलेल्या कागदाची प्रत घेऊन मी तिच्या गावी गेलो. घर वस्तीच्या टोकाला, छपरावर पंचशील झेंडा, अंगण इतकं साफ झाडलेलं की मी वहाणा कुठे काढाव्या म्हणून थांबलो. तिची माय कामाला गेली होती. बापानं खुर्ची दिली. त्यानं पाणी दिलं. मी त्याला दिलं नव्हतं.

पोरीनं कागद दोनदा वाचला. "हे मराठीत हाय," ती म्हणाली.

"मले तेवढंच येते."

"तसं नाई काकाजी. वरचं इंग्रजीत हाय."

तिनं एवढंच म्हटलं. बाप म्हणाला, "अकोल्याले औषधाच्या कंपनीत बोलावलं तिले सोमवारी. तिथंबी असाच सूट घालाचं काम हाय. जुन्या कंपनीचा कागद मांगते."

"मी येतो संगं," मी म्हणालो. "तोंडानं सांगतो."

"नका येऊ," ती म्हणाली.

मी गेलो. नको म्हटलेलं मी कधी ऐकलं आहे? अमरावतीहून पहिल्या गाडीनं निघालो आणि अकोल्याच्या त्या कंपनीच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीला धरून उभा राहिलो. ती बापासोबत आली. बाप रस्त्यापलीकडे लिंबाखाली बसला, ती आत गेली. तिनं मला पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं.

दीड तासानं बाहेर आली. मी आडवा गेलो.

"काय झालं?"

"नाई झालं. कागद वाचला."

"खालचा?"

"बाहेरचे होते साहेब, त्याइले मराठी येत नाई. मी वाचून सांगतलं इंग्रजीत. थे म्हणे, हे तर तूच सांगून राहिली."

"चाल, मी सांगतो. मी लिहिलं, मी हाय ना इथं उभा."

मी फाटकाकडे गेलो. गार्डनं अडवलं. मी म्हणालो, मला आत जाऊ द्या, त्या कागदावरची सही माझी आहे. तो म्हणाला, मुलाखती संपल्या. मी म्हणालो, फोन लाव. त्यानं लावला, ऐकलं आणि मान हलवली. मी आवाज चढवला. दोन-चार माणसं थांबली. तेवढ्यात मागून तिनं माझ्या बाहीला हात लावला.

"ओरडू नका काकाजी. मले इथं अजून याचं असन कधी. हेच गार्ड राहीन, मले ओयखीन."

मी फाटकापासून मागे सरलो. तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतला कागद सरळ केला, माझा खाली आणि कंपनीचा वर, पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातला आणि रस्ता ओलांडून बापाकडे गेली. बाप उठला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोघं बसस्टँडकडे चालू लागले.

गार्ड आता नरम झाला होता. म्हणाला, "बाबाजी, पोरगी होती काय तुमची?"

"नाई."

"मंग कोण होती?"

मी त्याला बसस्टँडचा रस्ता विचारला. तो मला माहीत होता. त्यानं हात करून दाखवला, आणि ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, म्हणजे एकाच गाडीत बसायची पाळी यायला नको.